तन्मणी ओवण्याआधी

आजीच्या किंवा सासूबाईंच्या डबीतून मोत्यांचा जुना दागिना निघाला की पहिली चूक बहुधा दहा मिनिटांच्या आत होते. दोरा पक्का आहे ना, हे बघायला कोणीतरी तो दोन्ही हातांनी ताणून पाहतं. चाळीस-पन्नास वर्षं घाम, पावडर आणि खोबरेल पीत आलेलं रेशीम तेवढ्यानं तुटतं, मोती फरशीवर उधळतात आणि कपाटाखाली गेलेले दोन-चार कायमचे जातात. दुसरी चूक सोनं उजळण्याच्या हौसेपोटी होते. चिंचेच्या पाण्यात सगळा दागिना बुडवला जातो. सोनं लखलखतं, पण मोत्याचं पाणी उतरतं. उतरलेलं पाणी पुन्हा चढत नाही.

असं का होतं, ते मोती कशाचा बनतो हे कळलं की कळतं. मोत्यात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के चुना असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या अतिशय पातळ चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात आणि त्यांना धरून ठेवणारं कॉन्कायोलिन नावाचं प्रथिन दहा-चौदा टक्के असतं. उरलेलं थोडंसं पाणी. चकत्यांच्या या थरांतून उजेड परतताना जी खोल, आतून आल्यासारखी झळाळी दिसते, तिलाच आपण पाणी म्हणतो. आंबट काहीही लागलं की चुना विरघळतो. फार उष्णता किंवा फार कोरडी हवा लागली की प्रथिन सुकतं आणि बारीक तडे जातात. हिऱ्यासारखा मोती कणखर नाही. नखापेक्षा थोडाच कठीण असतो, आणि घरातली साधी धूळ, जिच्यात वाळूचे कण असतात, ती त्याच्यावर सहज ओरखडे पाडते.

म्हणून डबी उघडल्यावर पहिल्या दिवशी काहीच करू नये. एका परातीत जाड टॉवेल अंथरावा, म्हणजे मोती घरंगळत नाहीत. त्यावर दागिना जसा आहे तसा ठेवावा आणि बघत बसावं. पुढचं सगळं मी तन्मणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, कारण महाराष्ट्रातल्या घरांत वारशानं आलेल्या मोत्यांच्या दागिन्यांत त्याची रचना सगळ्यांत नाजूक असते. मधोमध खोड, म्हणजे खडे जडवलेलं पदक. त्याच्या दोन्ही बाजूंनी बारीक मोत्यांचे काही पदर. मागे मानेवर रेशमाचा गोफ आणि त्याची सरकती गाठ. चिंचपेटीला किंवा नुसत्या सरालाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी फोटो काढावेत. एकदा काळ्या कापडावर, एकदा पांढऱ्यावर, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग मोती मोजावेत, पदराप्रमाणे आणि बाजूप्रमाणे. समजा प्रत्येक बाजूला चार पदर आणि प्रत्येक पदरात चाळीस मोती, तर एकूण ३२० होतात. प्रत्येकाचा व्यास साधारण साडेतीन मिलिमीटर असेल तर खऱ्या मोत्यांचं वजन एकोणीस ते साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. एक साडेतीन मिलिमीटरचा मोती ०.०६ ग्रॅमचा असतो, हे लक्षात ठेवलं की आपला हिशेब आपणच करता येतो. हे आकडे कागदावर उतरवून ठेवल्याशिवाय दागिना घराबाहेर जाऊ देऊ नये. अविश्वास म्हणून नव्हे. दुरुस्तीच्या टेबलावर एकाच वेळी चार घरांचे मोती असतात, आणि साडेतीन मिलिमीटरचा मोती दुसऱ्या साडेतीन मिलिमीटरच्या मोत्यात मिसळला की कोणाला सांगता येत नाही.

आता ओळख. सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं ते हेच, आणि सगळ्यांत जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. तापलेली सुई टोचून बघा, काडी लावून बघा, व्हिनेगरात टाकून बघा. या परीक्षांत खरा मोती उत्तीर्ण होतो आणि त्याच वेळी नासतो. यांतली एकही करू नये.

प्रश्न खरं तर दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. मोती शिंपल्यात झालेला आहे की काचेचा-प्लास्टिकचा, हा पहिला. शिंपल्यात झालेला असेल तर तो आपोआप झाला की माणसानं करवला, म्हणजे कल्चर आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घरी मिळतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा मिळत नाही.

पहिल्यासाठी दातांची परीक्षा चांगली आहे, हलक्या हातानं केली तर. मोती पुढच्या दाताच्या कडेवर हळूच फिरवावा. शिंपल्यातला मोती बारीक पॉलिश पेपरसारखा किंचित खरखरीत लागतो, कारण चकत्यांच्या कडा एकमेकींवर पायऱ्यांसारख्या चढलेल्या असतात. काच गुळगुळीत सरकते. दाताला लावायचं नसेल तर पदरातलेच दोन मोती एकमेकांवर हलकेच घासून पाहावेत, खरखर बोटांना कळते. पण ही परीक्षा कल्चर मोत्याला आणि नैसर्गिक मोत्याला एकच उत्तर देते. दाताला लावून ‘अस्सल बसरा’, म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती, ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

त्याहून भरवशाची जागा म्हणजे भोक. जुने सराफ त्याला वेज म्हणतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं, ते दोन-चारशे रुपयांतही मिळतं, आणि सकाळच्या उजेडात खिडकीशी बसावं. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच मोती सुंदर दिसतात. खोट्या मोत्याच्या वेजाशी रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसतात, भिंतीचा जुना ऑइलपेंट सुटतो तसे, आणि खाली काच चकाकते किंवा प्लास्टिकची निर्जीव पांढरी कड दिसते. फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून माशाच्या खवल्यांतली चमक काचेच्या पोकळ मण्यांत भरून आणि आत मेण ओतून मोती बनवत. मेणाचे असे मणी हातात घेतले की लगेच हलके लागतात. भरीव काचेचा मणी मात्र खऱ्याच्या जवळपास वजनाचा असतो, म्हणून केवळ वजनावर जाऊ नये.

खऱ्या मोत्याच्या वेजात भिंगातून पाहिलं तर भिंत एकसंध दिसते, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या अगदी बारीक गोल रेषा आणि आत जाऊ तसा रंग किंचित पिवळसर. मणी घालून वाढवलेल्या कल्चर मोत्यात वेगळं दृश्य असतं. तोंडाशी मोत्याची पातळ साल, कधी अर्धा मिलिमीटरही नाही, मग एक गडद तपकिरी रेघ, आणि तिच्या आत शिंपल्याचा कोरलेला पांढरा मणी. हा मणी बहुधा अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांचा असतो. त्याचे थर सपाट असतात, त्यामुळे जोरदार दिव्यासमोर असा मोती हळूहळू फिरवला तर आतून पट्टे दिसतात, एका फेरीत दोनदा चमकून जातात. मोत्याची साल जाड असेल तर दिसतही नाहीत.

भोकाच्या आकाराबद्दल एक गैरसमज सुधारायला हवा. नैसर्गिक मोत्याचं भोक फार बारीक, ०.३ ते ०.४ मिलिमीटर, आणि कल्चरचं मोठं, असं इंग्रजी पुस्तकांवरून सांगितलं जातं. यामागचं कारण खरं आहे. नैसर्गिक मोती वजनावर विकला जाई, म्हणून विंधणारा शक्य तितकं कमी कोरायचा. पण भारतात कामठ्यानं, म्हणजे धनुष्यासारख्या हातयंत्रानं, विंधलेले मोती जाड रेशमावर, कधी जरीच्या दोऱ्यावर ओवले जात, आणि त्यासाठी वेज मुद्दाम मोठं केलेलं असे. पिढ्यान्‌पिढ्या घातलेल्या दागिन्यात धुळीनं माखलेला दोराच आतून करवतीसारखा घासून ते आणखी वाढवतो. तेव्हा आपल्याकडच्या तन्मणीत मोठं भोक दिसलं म्हणून मोती कल्चर ठरत नाही.

उलट दिशेचीही चूक होते. भोकात मण्याची रेघ दिसली नाही म्हणजे नैसर्गिक, असं नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत चीनमधून आलेल्या गोड्या पाण्याच्या बहुतेक मोत्यांत मणी नसतोच, केवळ शिंपल्यातल्या जिवाच्या मांसल आवरणाचा तुकडा घालून ते वाढवलेले असतात. हे आणि नैसर्गिक यांतला फरक सांगायला एक्स-रेच लागतो. मोत्याच्या आतली वाढीची वर्तुळं, मण्याची सीमा किंवा मधली पोकळी त्यात दिसते. हे काम करणाऱ्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळा मुंबईत आहेत. दागिना मोलाचा वाटत असेल तर नवा दोरा घालण्याआधीच, मोती तात्पुरत्या दोऱ्यावर असताना, तिथे न्यावा.

तारीख मात्र घरातही बरंच सांगून जाते. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली पहिला अर्धगोल कल्चर मोती मिळवला. पूर्ण गोल कल्चर मोती जगाच्या बाजारात ठळकपणे दिसू लागले ते १९२०च्या सुमारास. त्यामुळे पणजीच्या १९१० सालच्या फोटोत गळ्यात हाच तन्मणी स्पष्ट दिसत असेल, तर त्या दिवशीचे मोती कल्चर नव्हते एवढं पक्कं म्हणता येतं. आज डबीत असलेले तेच आहेत का, हा प्रश्न त्यानंतरचा. कारण मधल्या काळात दोरा चार-पाच वेळा तुटला असेल, हरवलेल्या जागी कधी जावेच्या कुडीतले दोन, कधी बाजारातले चार घातले असतील. जुना सर म्हणजे बहुधा मिसळलेला सर. म्हणून एक मोती तपासून सगळ्या दागिन्याचा निवाडा करू नये. भिंग प्रत्येक मोत्यावर फिरायला हवं. ३२० मोत्यांना दोन-तीन तास लागतात, आणि ते तास वाया जात नाहीत.

आपल्याकडे सगळ्या जुन्या मोत्याला ‘बसरा’ म्हणायची पद्धत आहे. बसरा हे व्यापाराचं बंदर. मोती निघत पर्शियन आखाताच्या तळाशी, बहारीन, कतार, कुवेतच्या समुद्रात. उन्हाळ्यात पाणबुडे नाकाला चिमटा लावून आणि पायाला दगड बांधून खाली जात. निघालेला माल मुंबईला येई. इथे तो पितळी चाळण्यांतून आकाराप्रमाणे निवडला जाई, विंधला जाई आणि जुड्या बांधून युरोपला जाई. लंडन-पॅरिसचे जवाहिरे त्या जुड्यांना ‘बॉम्बे बंच’ म्हणत. आखातातल्या व्यवहारात तेव्हा आपला रुपयाच चालत असे. त्या बाजारात मोत्याची किंमत ठरवायची पद्धत होती ‘चव’. ढोबळमानानं सांगायचं तर वजनाचा वर्ग करायचा, म्हणजे वजनाला वजनानंच गुणायचं, आणि मोत्यांच्या संख्येनं भागायचं. दहा वजनाचा एकच मोती असेल तर शंभर. त्याच वजनात दहा मोती असतील तर दहाच. मोठा मोती किती दुर्मीळ, हे एका भागाकारात सांगणारी इतकी नेमकी रीत दुसऱ्या कुठल्या मालाला क्वचितच असेल. मग कल्चर मोती आले, जागतिक मंदी आली, १९३२ साली बहारीनमध्ये तेल लागलं, आणि पाणबुड्यांच्या होड्या किनाऱ्यालाच राहिल्या.

किमतीचं गणित त्या काळात कसं उलटलं, हे एका घरावरून कळतं. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा वाडा कार्टिये या फ्रेंच जवाहिऱ्यानं १९१७ साली नैसर्गिक मोत्यांच्या एका दुपदरी माळेच्या बदल्यात मिळवला. ती माळ तेव्हा दहा लाख डॉलरची मानली गेली होती. १९५७ साली ती विकली तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपासच आले. आणि पुन्हा फिरलेलं चक्र आपल्याच माणसांच्या मोत्यांतून दिसतं. बडोद्याच्या गायकवाडांच्या खजिन्यातल्या मोत्यांची दुपदरी माळ २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरच्या वर गेली. खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवलेली मोत्यांची चादर आज कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आखातातून निघालेले मोती बडोद्याला येऊन पुन्हा आखाताला गेले. घरातल्या तन्मणीला असली किंमत येत नाही, येण्याचं कारणही नाही. पण हा मोती पुन्हा मिळणार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं, आणि दुरुस्ती करताना हात आपोआप हळू होतो.

बसरा मोती दिसतो कसा? पांढराशुभ्र क्वचितच. लोण्यासारखा, कधी किंचित गुलाबी, कधी स्पष्ट पिवळसर. आकारानं लहान, आणि शंभरांत दोन अगदी सारखे सापडणार नाहीत. एखादा चपटा, एखाद्याला मुरड. निवडणाऱ्यानं ते डोळ्यांनी जुळवलेले असतात, त्यामुळे लांबून सर एकसारखा वाटतो आणि जवळून वाटत नाही. सगळेच्या सगळे सात मिलिमीटरचे, गोल गरगरीत आणि दुधासारखे पांढरे असतील तर ते बसरा असण्याची शक्यता फार कमी. माझ्या मते जुन्या मोत्याचं खरं देखणेपण या न जुळण्यातच आहे, आणि दुरुस्तीत सगळ्यांत आधी नेमकं तेच मारलं जातं. ‘पिवळे झालेत, पांढरे करून देतो’ असं कोणी म्हटलं तर दागिना उचलावा आणि घरी यावं. त्या पांढरेपणासाठी रसायन वापरतात किंवा वरची साल काढतात. दोन्हींत मोती कमी होतो.

आता दोरा. मोत्याच्या दागिन्याची दुरुस्ती म्हणजे नव्वद टक्के दोऱ्याचीच दुरुस्ती. तो बदलायची वेळ कधी आली ते मोत्यांमधल्या फटीतून कळतं. पदर उभा धरला की दोन मोत्यांमध्ये दोरा दिसतो, तो काळवंडलेला किंवा तंतू सुटलेला असतो. वरचेवर घालत असाल तर दर एक-दोन वर्षांनी, आणि लॉकरमध्ये असेल तर पाचेक वर्षांतून एकदा तरी तपासून ओवून घ्यावा. दोरा काळा पडतो तो घामानं आणि तेलानं, आणि त्यात अडकलेली धूळ आतून वेज झिजवत राहते. म्हणजे जुना दोरा तसाच ठेवणं हेही एक नुकसान आहे, नुसतं दिसत नाही.

उसवताना कात्री दोन मोत्यांच्या मध्ये चालवावी, मोत्याला टेकवून नाही. आणि एक पदर पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. जुन्या दोऱ्यावरून मोती एकेक करून तात्पुरत्या सुती दोऱ्यावर त्याच क्रमानं सरकवावेत, टोकाला कागदाची चिठ्ठी बांधावी: ‘उजवीकडचा, आतून दुसरा’. सगळे मोती एका वाटीत सोडणं ही दुरुस्तीतली सर्वांत महागडी चूक. पदरात मोती खोडाकडे मोठे आणि मानेकडे बारीक लावलेले असतात, आणि त्यांचा तो क्रम कोणीतरी महिनाभर जुळवलेला असतो. वाटीत पडल्यावर तो परत बांधायला तेवढाच वेळ लागतो, आणि तितका वेळ आज कोणी देत नाही.

तात्पुरत्या दोऱ्यावर असतानाच मोती पुसून घ्यावेत. कोमट पाणी, लहान बाळाच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ मलमल. भिजत घालू नयेत, कारण पाणी वेजात जाऊन बसतं. साबण गेला की साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुन्हा पुसावं आणि कोरड्या मलमलीवर सावलीत पूर्ण एक दिवस पसरून ठेवावं. रिठ्याच्या पाण्यानं मोती धुवायची जुनी पद्धत सोन्यासाठी उत्तम आहे, मोत्यासाठी नाही. रिठ्याचं पाणी थोडं आंबट असतं, एकदा धुतल्यानं दिसत नाही, दर दिवाळीला धुतल्यानं दिसतं. तांदळाच्या पिठात घोळून पुसणंही नको, त्याचे कण घासतात. टूथपेस्ट, खायचा सोडा, चांदी उजळायचं द्रावण, सराफाकडचं कंपनाचं यंत्र, वाफेचा फवारा, या सगळ्यांपासून मोती लांब ठेवावा.

खोडाला तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. जुन्या खोडात खडे बंद घरात लाखेवर बसवलेले असतात आणि त्यांच्याखाली चकाकती पत्री असते. कडेच्या फटीतून पाणी आत गेलं की पत्री काळी पडते आणि खडा कायमचा आंधळा होतो. लहान मुलांच्या मऊ ब्रशनं कोरडी धूळ झटकावी, बस. एखादा खडा हलत असेल तर जडावाचं काम करणाऱ्या कारागिराकडेच जावं, आणि खोडाची कडी झाळून घ्यायची असेल तर मोती आधी पूर्ण उतरवलेले हवेत. झाळकामाच्या ज्योतीची आच दोन बोटं लांब असलेल्या मोत्यालाही पुरते.

पटवेकरी ओवायला बसतो ते बघण्यासारखं असतं. रेशमाचे तंतू एकत्र करून टोक पायाच्या अंगठ्यात किंवा खिळ्यात अडकवतो, दुसरं टोक तळव्यांत फिरवून पीळ भरतो, आणि मेणाच्या गोळ्यावरून एकदा ओढतो. टोकाला डिंक लावून ते सुकवतो आणि तिरकं कापतो. झाली त्याची सुई. लोखंडी सुईपेक्षा ही बरी, कारण बारीक वेजात ती जबरदस्ती करत नाही. बहुतेक मोती वेजाच्या कडेला फुटतात ते सुई ढकलल्यानं. धागा जात नसेल तर धागा बारीक घ्यावा, भोक मोठं करू नये. ‘रीमर फिरवून देतो’ याला नाहीच म्हणावं.

धाग्याची जाडी वेजाला जवळजवळ भरून काढणारी हवी. सैल धाग्यावर मोती डोलतो आणि स्वतःच्या कडेनं धागा कापतो. वेज ०.५ मिलिमीटर असेल तर एकेरी ०.४५चा दोरा, किंवा त्याहून बराच बारीक दोरा दुहेरी. मात्र पदराच्या शेवटच्या तीन-चार मोत्यांतून दोरा पुन्हा उलटा जातो, त्यांची भोकं आधी मोजून ठेवावीत, नाहीतर सगळा पदर ओवून झाल्यावर काम तिथेच अडतं. मासेमारीची नायलॉन दोरी, पोलादी तार, इलॅस्टिक यांचा मोह होतो कारण ते तुटत नाहीत. तेच त्यांचं वाईट. काहीतरी तुटायचंच असेल तर ते रेशीम असावं, मोती नसावा. जरीचा दोराही टाळावा, धातूची तार आतून खरवडते.

नव्या रेशमाला पहिल्या काही महिन्यांत ताण येतो आणि पदर लांबतात. म्हणून कापलेला दोरा खाली थोडं वजन बांधून एक रात्र टांगून ठेवायला सांगावं. ओवल्यावर सगळे पदर एकत्र उभे धरून पाहावेत. एखादा जरी दोन-तीन मिलिमीटर लांब असेल तर गळ्यात तो बाकीच्यांच्या खाली लोंबतो आणि खोड वाकडं बसतं.

गाठींचा प्रश्न सगळेच विचारतात. प्रत्येक मोत्यामागे गाठ हवी का? पाच-सहा मिलिमीटरच्या एकेरी सराला हवी, निःसंशय. सर तुटला तर एकच मोती पडतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. तन्मणीच्या बारीक पदरांना मात्र मी नको म्हणेन. चाळीस मोत्यांच्या पदराला प्रत्येकी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी गाठ दिली तरी पदर दीड सेंटीमीटरच्या वर लांबतो, खोड तेवढंच खाली येतं, आणि मोत्यांमध्ये फटी पडून पदर ठिपक्यांचा दिसू लागतो. जुन्या तन्मणीचे मोती खांद्याला खांदा लावून बसलेले असतात, त्यांचा एकच धारेसारखा ओघ वाटतो. तो राखायचा तर गाठी फक्त दोन्ही टोकांना आणि पदर एकत्र आणणाऱ्या पट्टीशी द्याव्यात. सोनं आणि दोरा जिथे भेटतात तिथे सोन्याच्या तारेची बारीक नळीसारखी गुंडाळी घालून घ्यावी, कडीवर घासून दोरा तिथेच आधी तुटतो.

मागचा गोफ शेवटी. मानेच्या घामात राहणारा तोच, त्यामुळे तो मोत्यांच्या आधी जातो. नवा लाल गोफ लावण्याआधी त्याचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासावं. रंग उतरला तर तो गोफ नको. पहिल्या घामाला तो रंग मानेजवळच्या मोत्यांच्या वेजात शिरतो आणि आतून गुलाबी केलेला मोती धुऊन पांढरा होत नाही. सरकती गाठ एकदा स्वतः खालीवर करून पाहावी, ती अडली पाहिजे पण अडकली नाही पाहिजे.

हरवलेल्या मोत्यांच्या जागी काय घालायचं? बाजारात सहज मिळतो तो पांढरा चिनी मोती, आणि तो जुन्यांच्या मध्ये नव्या दातासारखा दिसतो. सराफाकडे सुटे जुने मोती मिळाले तर उत्तम. रंग जुळवायला मूळ मोती सोबत नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावं. न मिळाले तर सगळे पदर एकेका मोत्यानं आखूड करावेत आणि गोफ तेवढा लांब घ्यावा, कोणाच्या लक्षातही येत नाही. घातलेच तर नवे मोती मानेकडच्या टोकाला घालावेत, खोडाशी नाही. फुटका मोती टाकून देऊ नये. तो मूळचा आहे, कागदाच्या पुडीत वेगळा ठेवावा, पुढच्या वेळी रंग जुळवायला तोच नमुना होतो. खोटे निघालेले मणीही तसेच. पणजीनं ते जाणून घातले असतील, कठीण वर्षांत विकलेल्या मोत्यांच्या जागी. ते काढायचे की ठेवायचे हे घरानं ठरवावं, कारागिरानं नाही.

ओवून आल्यावर पुन्हा मोजावं, पुन्हा तोलावं, आधीच्या आकड्याशी ताडून पाहावं. शक्य असेल तर समोर बसूनच ओवून घ्यावं. मग मलमलीत गुंडाळून आडवा ठेवावा, टांगू नये. रेशमाचा ताण तसाच वाढतो. हवाबंद प्लास्टिकची पिशवी नको, हिऱ्याच्या कुड्या त्याच कप्प्यात नकोत. बँकेच्या लॉकरची हवा कोरडी असते, वर्षातून दोन-तीनदा बाहेर काढून घालावा. अत्तर, पावडर, वेणी सगळं झाल्यावर शेवटी गळ्यात, आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी उतरवून कोरड्या मलमलीनं पुसायचा. पावसाळ्यात दोरा ओला वाटला तर डबीत घालण्याआधी एक रात्र उघडा ठेवावा.

आणि डबीत एक कागद, घडी करून, तन्मणीच्या खाली. मोती ३२०, चार पदर दोन बाजू. वजन अमुक, खोड वेगळं तोललं. उजवीकडच्या तिसऱ्या पदरात शेवटचे दोन नवे, डावीकडे एक. फुटका एक पुडीत. दोरा रेशमी, अमुक महिन्यात बदलला, गाठी फक्त टोकांना. एक्स-रे केला असेल तर त्याचा दाखला सोबत. खाली जागा मोकळी सोडावी, पुढच्या वेळी ओवून घेणाऱ्यासाठी.